नाकामागचा कॅन्सर आणि देशाच्या सरासरीत हरवलेलं नागालँड

तोंड मिटा आणि जिभेचं टोक टाळूवरून हळूहळू मागे न्या. आधी हाडाचा टणक भाग लागतो, मग अचानक मऊ मांस लागतं आणि जीभ तिथेच अडते. त्याच्या पुढे पडजीभ. पडजिभेच्या मागून वर वळलं की नाकाच्या पाठीमागे एक छोटी पोकळी आहे, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची. वर कवटीचा तळ, मागे मणक्याचं वरचं टोक, पुढे नाक, खाली घसा. घाटात गाडी चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते ज्या नळीमुळे, तिचं तोंडही याच पोकळीत उघडतं. डावीकडे एक, उजवीकडे एक. वैद्यकीय मराठीत या जागेला नासाग्रसनी म्हणतात, डॉक्टर नेझोफॅरिंक्स म्हणतात. मी सरळ नाकामागची पोकळी म्हणणार आहे.

तिथेही कॅन्सर होतो हे आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसतं. त्याला कारण आहे. भारताच्या बहुतेक भागांत वर्षभरात लाख माणसांमागे एकालाही तो होत नाही. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, फुप्फुसाचा कॅन्सर यांच्यापुढे तो कुठल्या कुठे मागे पडतो. देशाची यादी वरून खाली वाचत गेलात तर त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच तुम्ही पान उलटाल.

आता त्याच अहवालात नागालँडची ओळ बघा. लाख पुरुषांमागे १४.४, लाख स्त्रियांमागे ६.५. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालातले हे आकडे आहेत आणि देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांत ते सर्वांत जास्त आहेत. मणिपूर, मिझोराम, सिक्कीम, अरुणाचल इथेही हा आजार देशाच्या मानाने जास्त आढळतो, पण नागालँडइतका नाही. शेजारी आसामच्या सपाटीवर उतरलं की आकडा झपकन खाली येतो. एकाच देशात, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर, दुर्मीळ म्हणावा असा आजार नेहमीचा होऊन बसतो. हे कसं होतं आणि आकडेवारीत ते का बुडून जातं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आकडा येतो कुठून

कॅन्सरची नोंदणी दोन प्रकारची असते आणि हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं सगळं घसरतं. एक रुग्णालयाची नोंदणी. त्यात त्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांची मोजदाद होते. मुंबईच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात देशभरातून माणसं येतात, त्यामुळे तिथली यादी पाहून मुंबईत कोणता आजार किती आहे हे सांगता येत नाही. दुसरी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी. तिचा प्रश्न वेगळा असतो: या जिल्ह्यात राहणाऱ्या सगळ्या माणसांपैकी यंदा कितीजणांना नव्याने कॅन्सर झाला? उपचार त्यांनी कुठेही घेतलेले असोत.

हे काम दिसतं त्यापेक्षा फार चिकाटीचं आहे. नोंदणी कर्मचारी रुग्णालयं, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा, रेडिएशनचे विभाग, जन्म-मृत्यू नोंदणीची कार्यालयं असे फिरत राहतात आणि नावं उतरवून आणतात. मग एकच माणूस तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेल्या नावाने सापडला तर त्याची एकच नोंद ठेवायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो माणूस किमान वर्षभर त्या भागात राहत होता का, हे पाहायचं. कोहिमाचा रुग्ण मुंबईत उपचार घेत असेल तर त्याची मोजणी नागालँडच्या खात्यात व्हायला हवी. पत्त्याच्या रकान्यात नातेवाइकाच्या खोलीचा मुंबईतला पत्ता पडला, तर नागालँडचा एक रुग्ण कागदावरून नाहीसा झाला.

भारतात अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. देशपातळीवरचा कार्यक्रम १९८२ पासून मुंबई, चेन्नई आणि बंगळूरु या तीन केंद्रांनिशी उभा राहिला. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ ची, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. ईशान्येकडे मात्र हे काम २००३ च्या सुमारास पोचलं आणि नागालँडमध्ये त्याच्याही नंतर, कोहिमा आणि दिमापूर या जिल्ह्यांपुरतं. त्याआधी तिथले डॉक्टर हा आजार डोळ्यांनी बघत होते, पण लाखामागे किती हे सांगायला हातात काही नव्हतं. आजही लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदणीखाली देशाची साधारण दहा टक्केच जनता येते. म्हणजे ‘भारताचा दर’ म्हणून जो आकडा छापला जातो तो या दहा टक्क्यांवरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज चुकीचा असतो असं मी म्हणत नाही. पण काही गावं मोजून देशाचं चित्र काढलेलं आहे, हे वाचताना मनात असू द्यावं.

आणखी एक शब्द या अहवालांत सारखा भेटतो: वयानुरूप दर. कॅन्सर बहुतांशी वाढत्या वयाचा आजार आहे. समजा दोन गावं आहेत, दोन्हीकडे हजार-हजार माणसं. एका गावात निम्मे लोक साठीच्या पुढचे, दुसऱ्यात निम्मे शाळकरी. पहिल्या गावात कॅन्सरचे रुग्ण जास्त निघणारच, आणि त्यावरून तिथल्या पाण्यात दोष आहे असं कुणी म्हटलं तर ते चूक ठरेल. म्हणून दोन्ही गावांचे वयोगट एकाच ठराविक मापाला बसवून दर काढतात. वर दिलेले १४.४ आणि ६.५ हे असे बसवलेले दर आहेत. नागालँड हे तरुण लोकसंख्येचं राज्य, तरी फरक इतका मोठा आहे. वयाचं कारण इथे पुढे करता येत नाही.

सरासरीत काय होतं

एक छोटं गणित करू. २०११ च्या जनगणनेत नागालँडची लोकसंख्या १९ लाख ७९ हजारांच्या आसपास होती आणि भारताची १२१ कोटी. म्हणजे साधारण सहाशे भारतीयांत एक नागालँडचा. आता सोयीसाठी धरून चालू की बाकी देशात लाख पुरुषांमागे अर्धा रुग्ण, म्हणजे दोन लाखांत एक, आणि नागालँडभर लाखामागे १४.४. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर ती येते सुमारे ०.५२.

०.५ ऐवजी ०.५२. बस, एवढाच फरक. जवळपास तीसपट मोठा दर सहाशेंतल्या एकाच्या वाट्याला आला की देशाच्या आकड्यावर त्याचा एवढाच ओरखडा उमटतो. दशांशानंतर एकच अंक छापणाऱ्या तक्त्यात तर तोही दिसत नाही. मला हे गणित पहिल्यांदा मांडल्यावर बराच वेळ चैन पडली नव्हती, कारण यात कुणी काही लपवलेलं नाही, सगळे आकडे खरे आहेत, आणि तरीही एका राज्यातल्या माणसांचा आजार त्या बेरजेत विरघळून गेलेला आहे.

हे फक्त भारतात होतं असंही नाही. चीनमध्ये उत्तरेकडच्या प्रांतांत हा कॅन्सर तुरळक आणि दक्षिणेच्या ग्वांगडाँग प्रांतात इतका की जुने डॉक्टर त्याला ‘कँटन ट्यूमर’ म्हणत. तिथेही प्रांताच्या आत आणखी थर आहेत. कँटनी भाषा बोलणाऱ्यांत तो जास्त, त्याच प्रांतातल्या इतर बोलीच्या लोकांत कमी. ग्रीनलँड आणि अलास्कातले इन्युइट, ट्युनिशिया-अल्जीरिया-मोरोक्को हा उत्तर आफ्रिकेचा पट्टा, बोर्निओच्या सरावाकमधले बिदायू लोक, हे सगळे या आजाराच्या नकाशावरचे ठळक ठिपके. २०१८ मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २९ हजार नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. सगळ्या कॅन्सरच्या मानाने ते एक टक्काही नव्हेत, पण त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक एकट्या पूर्व आणि आग्नेय आशियातले. इतका जागा धरून बसलेला कॅन्सर क्वचितच दुसरा असेल.

मग तिथेच का?

पहिला संशयित सापडला १९६४ मध्ये. लंडनमध्ये अँथनी एप्स्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना आफ्रिकन मुलांच्या एका वेगळ्याच ट्यूमरच्या पेशींत एक विषाणू दिसला. त्याला एप्स्टाईन-बार विषाणू असं नाव पडलं. दोनच वर्षांत नाकामागच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं ठळकपणे आढळली आणि पुढे ट्यूमरच्या पेशींतच त्याचा डीएनए मिळाला. ज्या भागांत हा आजार जास्त आहे तिथल्या जवळजवळ प्रत्येक ट्यूमरमध्ये हा विषाणू असतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात टाकलं.

इथवर गोष्ट सोपी वाटते. पण हा विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात आहे. लाळेतून, उष्ट्यातून तो पसरतो, बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि मग रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींत आयुष्यभर निमूट पडून राहतो. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या शरीरात तो आत्ता आहे. तो मुंबईतही आहे, लखनौतही आहे, कोहिमातही आहे. जो सगळीकडे सारखा आहे तो ‘इथे जास्त का’ याचं उत्तर एकटा देऊ शकत नाही.

दुसरा धागा रक्ताच्या नात्यांचा. ज्या घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी एकाला हा कॅन्सर झालेला असतो तिथे इतरांचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सहाव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक जुडगा आहे. शरीरात शिरलेला परका कण रोगप्रतिकारक पेशींपुढे धरून दाखवायचं काम त्या जनुकांकडे असतं. दक्षिण चिनी लोकांत या जुडग्याचे काही प्रकार धोका वाढवणारे आणि एखादा प्रकार राखण करणारा असल्याचं दिसलेलं आहे. म्हणजे विषाणू तोच, पण त्याला ओळखून दाबून ठेवण्याची ताकद घराण्यागणिक थोडी वेगळी.

तिसरा धागा चुलीपाशी जातो. चीनबाबत तो आधी सापडला. तिथे लहान मुलांना दूध तोडताना भाताबरोबर खारवलेली मासळी भरवण्याची रीत होती आणि ती मासळी खारवताना तिच्यात नायट्रोसमाइन नावाची रसायनं तयार होतात. अशा पद्धतीने खारवलेली मासळी १९९३ पासून कॅन्सरकारक घटकांच्या पहिल्या गटात आहे. नागालँडमध्ये जास्त बोललं जातं ते धुरावलेल्या मांसाबद्दल. डोंगराळ, पावसाळी मुलूख. मांस टिकवायचं तर चुलीच्या वर बांबूच्या माळ्यावर ते ठेवून द्यायचं, लाकडाचा धूर दिवसचे दिवस त्याला लागत राहतो. तोच धूर स्वयंपाकघरात कोंडतो आणि तिथे बसलेल्यांच्या नाकातोंडात जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या नागालँडमधल्या एका अभ्यासात या कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्याच वयाचे निरोगी लोक यांची तुलना केली होती. रुग्णांमध्ये धुरावलेलं मांस खाणारे आणि नाकात घालायची झाडपाल्याची औषधं वापरणारे ठळकपणे जास्त निघाले.

इथे थोडं थांबायला हवं. असा अभ्यास मागे वळून विचारतो: तुम्ही वीस वर्षांपूर्वी काय खात होता? आजारी माणूस आपल्या आजाराचं कारण शोधत असतो, त्याला जास्त आठवतं. निरोगी माणूस आठवत बसत नाही. शिवाय अभ्यास लहान असला तर धोका किती पट याचा आकडा फार ढिला असतो. म्हणून मी तो पटींचा आकडा इथे देत नाही. दिशा मात्र इतर पुराव्यांशी जुळते. धुरावलेल्या मांसात नायट्रोसमाइनसारखी रसायनं असतात आणि लाकडाच्या धुरात फॉर्माल्डिहाइड असतं. फॉर्माल्डिहाइड याच जागेचा कॅन्सर घडवतं हे वेगळ्या, कारखान्यांतल्या कामगारांवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे.

तिन्ही धागे एकत्र कसे काम करतात याची एक चांगली खूण स्थलांतरितांत दिसते. दक्षिण चीनमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांत हा आजार खूप होता. त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत तो कमी झाला, पण गोऱ्या अमेरिकनांपेक्षा तरीही बराच जास्त राहिला. जेवढा कमी झाला तेवढा भाग राहणीमानाचा, जो उरला तो रक्ताचा. हाँगकाँगची गोष्ट आणखी बोलकी. तिथे माणसं तीच राहिली, पण जेवणखाण आणि घरं बदलली. १९८० ते १९८४ या काळात तिथे लाख पुरुषांमागे २८.५ असलेला दर १९९५ ते १९९९ पर्यंत २०.२ वर आला. पंधरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत.

एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. ‘नागा’ ही एक जमात नाही. अंगामी, आओ, लोथा, सुमी, कोन्याक अशा कितीतरी जमाती, प्रत्येकीची भाषा वेगळी, स्वयंपाक वेगळा. ‘ते लोक असलं खातात म्हणून त्यांना होतं’ असं एका वाक्यात उडवून लावणं शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. दर जास्त म्हणजे लाखांत चौदा-पंधरा पुरुष. उरलेल्या नव्याण्णव हजार नऊशे पंच्याऐंशींपैकी कितीतरी जणांनीही तेच मांस खाल्लेलं असतं.

वय आणि बाई-पुरुष

या कॅन्सरची आणखी एक विचित्र रीत आहे. बहुतेक कॅन्सर साठी-सत्तरीकडे वाढत जातात. हा चाळिशी-पन्नाशीतच गाठतो, घर चालवणाऱ्या वयात. आणि ज्या लोकांत तो कमी आहे, भारतही त्यात आला, तिथे किशोरवयात आणि विशीच्या आसपास एक लहानसा उंचवटा आढळतो. पुरुषांत तो स्त्रियांच्या दुप्पट-तिप्पट. नागालँडचे १४.४ आणि ६.५ हेही त्याच प्रमाणात बसतात.

गाठ, कान आणि घोळणा

सरासरीमुळे फक्त तक्ते बिघडत नाहीत, निदानही बिघडतं. डॉक्टर शिकतो ते त्याच्या आसपास जे वारंवार दिसतं त्यावरून. आपल्याकडे मानेत गाठ घेऊन कुणी आला की पहिला विचार क्षयाचा येतो. जुन्या मराठीत त्याला गंडमाळा असा खास शब्दच आहे, इतका तो ओळखीचा. आणि बहुतेक वेळा तो विचार बरोबरही ठरतो.

पण नाकामागच्या कॅन्सरचं पहिलं लक्षणही बहुतेकदा मानेतली गाठच असते. कानाच्या खाली, मानेच्या वरच्या भागात, बोटाला टणक लागणारी, न दुखणारी. मूळ गाठ आत इतकी लहान असते की नाकाला तिची जाणीवही होत नाही. ती बहुतेकदा कानाच्या नळीच्या तोंडामागच्या एका खोबणीत सुरू होते. रोझेनम्युलरची खोबण म्हणतात तिला. वरवर पाहताना नेमकी तीच झाकलेली राहते. ही जागा मनात धरली की बाकीची लक्षणं पाठ करावी लागत नाहीत, आपोआप सुचतात. नळीचं तोंड दाबलं गेलं की एकाच कानाला दडा बसतो, आत पाणी साठतं, कमी ऐकू येतं. गाठीवरून श्लेष्मा खाली घसरला की सकाळी खाकरताना त्यात रक्ताची रेघ दिसते, कधी घोळणा फुटतो. वर कवटीच्या तळातून मज्जातंतू जातात. तिथे पोचली की एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, गालाला बधिरपणा येतो.

समजा कोहिमाजवळच्या गावातला पंचेचाळीस वर्षांचा माणूस आहे. उजव्या कानाला तीन महिने दडा, कानात थेंब घालून झाले. मग मानेत गाठ. गाठीत सुई घालून पेशी तपासायच्या आधीच क्षयाची औषधं सुरू झाली आणि दोन महिने गेले. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त नाकातून दुर्बीण घालून ती खोबण बघावी हे कुणाच्या मनात आलं नाही. कोहिमात बसलेल्या डॉक्टरच्या मनात ते आज येतं, कारण त्याने असे रुग्ण पाहिलेले आहेत. तोच माणूस पुण्यात नोकरीला असता तर?

म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, तुम्ही कुठल्याही राज्यातले असा: मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठलं आणि ते आठवड्यांनी हटलं नाही, किंवा मानेतली न दुखणारी गाठ तशीच राहिली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीने नाकामागे बघायला सांगा. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. आणि ईशान्येकडचा कुणी सहकारी, विद्यार्थी, शेजारी अशी तक्रार सांगत असेल तर त्याचं मूळ गाव कुठलं हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला सांगा. इथे ती माहिती औषधाइतकी कामाची आहे.

सगळ्यांची तपासणी का करत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. विषाणू ट्यूमरमध्ये असतो, ट्यूमरच्या पेशी मरताना त्याच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात, मग रक्त तपासून आधीच का पकडू नये? हाँगकाँगमध्ये नेमकं हेच करून पाहिलं गेलं. लक्षणं नसलेल्या, ४० ते ६२ वयाच्या २०,१७४ पुरुषांचं रक्त घेतलं. पहिल्या तपासणीत १,११२ जणांत डीएनए सापडला. काही आठवड्यांनी त्यांचं पुन्हा घेतलं तेव्हा ३०९ जणांत तो टिकून होता. त्यांच्यातल्या बहुतेकांची दुर्बीण आणि एमआरआय झाली आणि ३४ जणांना कॅन्सर निघाला. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्या ३४ पैकी जवळजवळ एकाहत्तर टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते. तपासणी नसताना हे प्रमाण तिथे वीस टक्क्यांच्या आसपास होतं.

आता हाच प्रयोग जिथे आजार तीसपट कमी आहे तिथे करू. डीएनए टिकून असूनही कॅन्सर नसलेले २७५ जण साधारण तेवढेच निघतील असं धरू, कारण विषाणू सगळीकडे आहे. कॅन्सर मात्र ३४ ऐवजी एखाद्यालाच सापडेल. पावणेतीनशे माणसांना घोर, दुर्बीण, एमआरआयचा खर्च, आणि हाती एक. देशाने सरसकट नको म्हटलं तर ते बरोबरच आहे. पण नागालँडमधला दर हाँगकाँगच्या जवळ जाणारा आहे. देशासाठी ‘नको’ असलेली गोष्ट तिथे ‘करून पाहू’ असू शकते, निदान ज्यांच्या घरात आधी हा आजार झालाय त्यांच्यापासून सुरुवात करून. माझ्या मते आरोग्याचे निर्णय राज्याच्या, खरं तर जिल्ह्याच्या आकड्यावर का घ्यायला हवेत याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

सात आठवडे

हा कॅन्सर बरा होणारा आहे, आणि हे ठासून सांगायला हवं. कवटीच्या तळाशी असल्यामुळे सुरुवातीला तिथे चाकू सहसा चालवत नाहीत. पण रेडिएशनला, ज्याला आपल्याकडे लोक शेक म्हणतात, तो चांगली दाद देतो. लवकर सापडला तर पाच वर्षांनी दहांतले नऊ रुग्ण जिवंत असतात. वाढलेल्या आजारात शेकाबरोबर केमोथेरपी दिली की निकाल किती सुधारतो हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं. नुसत्या शेकावर तीन वर्षांनी शंभरांतले ४७ हयात होते, दोन्ही दिल्यावर ७८.

शेक म्हणजे तेहतीस ते पस्तीस बैठका. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सात आठवडे. प्रत्येक बैठक काही मिनिटांची, पण चुकवून चालत नाही, कारण मध्ये खंड पडला की ट्यूमर सावरतो. तोंड कोरडं पडतं, गिळताना आग होते, चव जाते. नागालँडच्या डोंगरातल्या अनेक माणसांनी त्यासाठी खाली दिमापूरला उतरायचं, नाहीतर गाडीने गुवाहाटी गाठायची, नाहीतर आणखी पुढे कोलकाता, वेल्लोर, मुंबई. सोबत एक माणूस, दोघांचं सात आठवड्यांचं राहणं, बुडालेला रोज. लाखामागे १४.४ या आकड्याचं खरं वजन इथे कळतं: जिथे रुग्ण आहेत तिथे शेकाची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं किती हवीत हे त्यावरून ठरतं, किंवा ठरायला हवं.

आणि त्यासाठी प्रत्येक रुग्ण आपापल्या खात्यात मोजला जायला हवा. तुम्ही कधी अशा कुणाला घेऊन दूरच्या रुग्णालयात गेलात, आणि केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर पत्ता विचारला, तर सध्या उतरलात त्या खोलीचा पत्ता संपर्कासाठी जरूर द्या, पण ‘कायम राहण्याचं ठिकाण’ या रकान्यात त्याचं गाव आणि जिल्हा लिहिला गेलाय ना, हे वाकून बघा.